फोन करा, काढतो

आमच्या सोसायटीतल्या माणसांवर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुठे मी गोड बोलल्यासारखी वाटले, तर तो तुमचा गैरसमज समजा.

या रागाचं मूळ एका कागदात आहे. वहीचं पान फाडायचं, त्यावर जाड पेनानं आपला नंबर लिहायचा, खाली ‘फोन करा, काढतो’ असं लिहायचं आणि ते पान गाडीच्या पुढच्या काचेआड उभं करायचं. झालं. मग गाडी कुठेही लावा. कोणाच्या मागे लावा, जिन्याच्या तोंडाशी लावा, कोणी काही म्हणणार नाही. कागद न लावता वाट अडवतो तो निर्लज्ज, आणि कागद लावून अडवतो तो सज्जन. आमच्या इमारतीत सगळे सज्जनच राहतात.

आता माझं ऐका. माझे पाय लहानपणापासून कामाचे नाहीत. हात मात्र दणकट आहेत आणि जीभ त्याहून. मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात, त्यावरून मी मेणात एकेक दात बसवते, मग पक्की कवळी घडवून, घासून, चकचकीत करून परत पाठवते. लॅब शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे मी माझी गाडी चालवत जाते. विजेवरची गाडी आहे, वेग आणि ब्रेक दोन्ही हातानं. पायाच्या पेडलांवर पत्रा बसवून घेतलाय.

गाडी चालवणं सोपं आहे. अवघड आहे ते उतरणं. त्यासाठी दार पूर्ण उघडावं लागतं. मग शेजारच्या सीटवरून खुर्चीचा सांगाडा ओढायचा, तो अंगावरून घेऊन बाहेर जमिनीवर टेकवायचा, दोन्ही चाकं अडकवायची, गादी टाकायची, सीट आणि खुर्ची यांच्यामध्ये फळी ठेवायची आणि तिच्यावरून घसरत खुर्चीत यायचं. एवढ्यासाठी दाराच्या बाजूला एक अख्खी खुर्ची मावेल अशी मोकळी जागा हवी. दार वीतभरच उघडत असेल, तर मी गाडीत बसलेली नसते, कोंडलेली असते.

आमच्या आवारात गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. चार्जिंगची यंत्रं आहेत चार. त्यातली तीन उंच कठड्यावर, त्यांच्यापुढच्या जागा अरुंद. चौथं यंत्र खाली, फरशीच्या पातळीला, प्लग बसल्या बसल्या हाताला येईल असं. त्याच्यापुढची जागा रुंद, कडेला पिवळे तिरके पट्टे, मध्ये चाकाच्या खुर्चीचं पांढरं चित्र. सगळ्या आवारात मला उतरता येतं अशी ही एकच जागा. गाडी तिथेच लावायची, तिथेच भरायची, सकाळी तिथूनच निघायचं.

आणि नेमकी तीच सगळ्यांना हवी असते. का, तर ऐसपैस आहे. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणतात, “अहो, दोनच मिनिटं, पिशव्या उतरवते.” कोच म्हणतात, “आईचा गुडघा दुखतो.” हे कोच दिवसभर मैदानावर पोरांना पळवतात आणि स्वतःही त्यांच्यामागे पळतात, पण रुंद जागा दिसली की त्यांच्या घरातलं कोणी ना कोणी लंगडायला लागतं. इमारतीत गुडघे दुखत नाहीत असं माणूसच उरलं नाही. आईला गाडीत घातलेलं मी आजवर पाहिलं नाही, ते सोडा.

मी आपली गाडीत बसून फोन लावते. कोणी आंघोळीला गेलेलं असतं, कोणी जेवायला बसलेलं. “आलोच,” म्हणतात. ते ‘आलोच’ संपेपर्यंत माझी पाठ भरून येते. आणि खाली आल्यावर वर मलाच शहाणपण शिकवतात, “ताई, वाटेतूनच फोन करत जा ना, म्हणजे खोळंबा नाही होणार.” म्हणजे माझ्या जागेत मी येणार, याची वर्दी मीच द्यायची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आता दादाकडे येते. त्याच्याकडे येणं मला जड जातं, पण आल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ आणि सोसायटीचा अध्यक्ष. तो चौथ्या मजल्यावर राहतो, मी तळमजल्यावर. ती रुंद जागा त्यानंच आणली. चार जणांशी भांडून आणली. पट्टे रंगवून झाल्यावर फीत कापली तेव्हा “माझ्या बहिणीसाठी” म्हणताना त्यानं डोळे पुसले होते, आणि मीही वेड्यासारखी रडले होते. लहानपणी तो मला पाठीवर घेऊन शाळेत न्यायचा. वर्गातली मुलं ‘पोतं आलं, पोतं आलं’ म्हणून चिडवायची, त्यातल्या दोघांना त्यानं बदडलं होतं. मला उचलून न्यायला दादा कधीही तयार असतो. रात्री-अपरात्री हाक मारा, धावत येईल. त्याच्याकडून दुसरं काही मागितलं की मात्र त्याला कळेनासं होतं.

गेल्या वर्षात इमारतीत विजेच्या गाड्या वाढल्या आणि चार यंत्रं पुरेनाशी झाली. लोक दादाच्या मागे लागले. एका रविवारी तो खाली माझ्याकडे आला, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, “हे बघ, भांडायच्या आधी ऐकून घे. त्या रुंद जागेत दोन गाड्या मावतात.”

“मावतात. मग मी कुठे मावू?”

“तू कशाला गाडी लावत बसतेस? ड्रायव्हर ठेवू. तो तुला दारात उतरवेल आणि गाडी कुठेही नेऊन लावेल. त्याचं सगळं मी बघतो.”

“आणि तो आला नाही त्या दिवशी?”

“मी आहे ना.”

“आणि तू नसलास तर?”

“तर नाही जायचं एक दिवस. एखादी कवळी नाही बनली म्हणून कोणी उपाशी मरत नाही.”

“मरतात की. दात नसले तर खाणार कशानं?”

तो हसला नाही. “तुझ्या भल्याचं बोलतोय,” म्हणाला. “मीटिंगमध्ये ठराव घेऊ. तू बोल तुला काय बोलायचं ते. मग मतं घेऊ. मी काही मनमानी करत नाही.”

तो गेल्यावर मी कप विसळत बसले. जागा गेली की गाडी गेली. गाडी गेली की मी सकाळी ड्रायव्हरची वाट बघणार, तो नसेल तर दादाची, दादा नसेल तर छताकडे बघत पडून राहणार. या वयात मला पुन्हा पाठीवर बसायचं नव्हतं, तो कितीही मायेनं वाकला तरी. बरं, तक्रार करू कोणाकडे? आपलेच दात, आपलेच ओठ. माझा सगळा दिवस दातांत जातो, पण ही म्हण मला त्या दिवशी कळली.

मीटिंगबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मागे एकदा भर मीटिंगमध्ये शिक्षिकाबाईंच्या पर्समधला फोन गाणं म्हणत सुटला आणि त्यांना तो सापडेना. तेव्हापासून दादानं नियम केला. हॉलच्या दाराशी एक वेताची टोपली ठेवायची, आत येणाऱ्यानं आपला फोन आवाज बंद करून तिच्यात टाकायचा आणि मीटिंग सोडून जाईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. अध्यक्षानंसुद्धा नाही. दादाला या टोपलीचा फार अभिमान. दुसऱ्या सोसायट्यांनाही सांगत असतो.

मीटिंगच्या संध्याकाळी मी लॅबमधून वेळेत निघाले. बोलायचं सगळं वाटेत पाठ करत होते. तीन डॉक्टरांकडे माल पोचवून आले होते, त्यामुळे बॅटरी लाल दाखवत होती. फाटकातून आत वळले आणि बघते तर रुंद जागेत गाडी.

पांढरी, नवी, प्लग लावलेली. दादाची.

काचेआड कागद होता. दादाचं अक्षर मोठं आणि गोल आहे, माझ्या शाळेच्या वह्यांवर नाव तोच घालायचा. ‘फोन करा, लगेच काढतो.’ ‘लगेच’च्या खाली रेघ.

मला राग यायच्या आधी रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग दुप्पट झाला. कुंपणच शेत खायला लागलं तर शेतानं बोंब मारायची कुणाच्या नावानं?

फोन केला. वाजतोय, कोणी उचलत नाही. पुन्हा केला. वहिनीला केला. कोचना केला, शिक्षिकाबाईंना केला. मग लख्ख प्रकाश पडला. सगळे फोन टोपलीत. मीटिंग वेळेआधीच सुरू झाली होती आणि अख्खी इमारत त्या टोपलीत आवाज बंद करून पडली होती.

वॉचमनला हाक मारली. “आत जा आणि दादाला सांग, गाडी काढ, मला उतरायचंय.”

तो गेला आणि तोंड पाडून परत आला. “साहेब म्हणाले, मध्ये बोलायचं नाही. हा विषय संपू दे, मग येतो. थोडा वेळ बसा म्हणाले.”

“विषय कोणता चाललाय?”

वॉचमन त्याच्या बुटांकडे बघायला लागला. “तुमचाच, ताई.”

हॉलचा दिवा मला गाडीतून दिसत होता. दाराच्या चौकटीत शेवटच्या रांगेतल्या पाठी दिसत होत्या. माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं, आणि मी वीस पावलांवर पट्टा बांधून बसले होते. मला वाटलं, हॉर्नवर हात ठेवावा आणि काढूच नये. पण हॉर्न वाजवला की बाई आरडाओरडा करते म्हणून तीच तक्रार ठरावात गेली असती. मी या लोकांना ओळखते.

मग मी आवारभर नजर फिरवली. दार पूर्ण उघडेल अशी आणखी एक जागा होती. ती मला इतकी वर्षं सुचली नव्हती, कारण मी सज्जन नसले तरी तेवढीही वाईट नाही. मी गाडी मागे घेतली, वळवली आणि फाटकात आडवी लावली. या कडेपासून त्या कडेपर्यंत. सायकलसुद्धा निघाली नसती.

“ताई!” वॉचमन धावत आला. “फाटकात?”

“इथेच दार उघडतं.”

“मला बोलतील हो.”

“सांग, काचेवर नंबर लावलाय.”

लावलाच होता. बिलाच्या पाठीवर लिहिला, ठळक, आणि खाली ‘फोन करा, काढते’. मग सांगाडा ओढला, चाकं अडकवली, गादी, फळी, सगळं शांतपणे. हॉलच्या दाराशी पोचले, फोनचा आवाज बंद केला आणि सगळ्यांच्या देखत टोपलीत टाकला. नियम म्हणजे नियम.

दादा समोर टेबलापाशी उभा होता. मला बघून त्याचा चेहरा जरा उतरला, मग सावरला. “ये, ये. बस,” म्हणाला.

“बसलेलीच आहे.”

दोघं-तिघं हसले. कोच मागे वळून म्हणाले, “बघा, आल्या की नाही! उगाच म्हणतात, जागा नसली की अडतं. कुठे अडलं?” त्यावर जरा जास्त जण हसले. दात काढणारे मी ओळखून ठेवले. कोणाचे खरे आणि कोणाचे माझ्या हातचे, तेही मला ठाऊक आहे, पण ते मी बोलले नाही. धंद्याची इभ्रत असते.

दादा घाईनं म्हणाला, “तर विषय सर्वांना समजला आहे. रुंद जागेच्या दोन जागा करायच्या. माझ्या बहिणीची सोय मी व्यक्तिशः बघणार आहे. हात वर करा.”

“माझं बोलणं व्हायचंय,” मी म्हटलं.

“बोल. पण थोडक्यात हं.”

मी तोंड उघडणार एवढ्यात कोच उठले. “माझा हात वर आहे असं धरा. मला निघायला हवं, पोरं मैदानावर थांबलीत.” टोपलीतून आपला फोन उचलून ते गेले. दुसऱ्या मिनिटाला टोपली घरघरायला लागली. वेतावर फोन थरथरला की भुंगा अडकल्यासारखा आवाज येतो. थांबला, पुन्हा सुरू झाला. कोणी हलेना. नियमच होता.

कोच लाल होऊन परत आले. “फाटकात आडवी गाडी कोणाची?”

“माझी.”

“अहो, काढा मग!”

“फोन करायचा ना. नंबर लावलाय.”

“केला! उचलत नाही तुम्ही!”

“मीटिंगमध्ये आहे हो,” मी म्हटलं. “हा विषय संपू दे, मग येते. थोडा वेळ बसा.”

हॉलमध्ये एकदम गलका झाला. उचलली जीभ लावली टाळ्याला, कोणी उद्धट म्हणालं, कोणी आडमुठी. शिक्षिकाबाई म्हणाल्या, “असं दुसऱ्याला अडवून ठेवणं शोभतं का?” हे त्या म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की ते वाक्य मी तिथल्या तिथे पाठ करून ठेवलं.

“चावी दे,” दादा म्हणाला. “मी काढतो.”

“तुला चालवता यायची नाही. पायाला तिथे पत्रा आहे.”

“मग तू काढ!”

“काढते. लगेच काढते. फक्त कुठे लावू ते सांग. उतरता येईल अशी जागा दाखव, या पावली जाते.”

दादा टेबलावरचे कागद सरळ करायला लागला. शिक्षिकाबाई चटकन बोलून गेल्या, “त्या रुंद जागेत लावा ना, तुमचीच तर आहे.”

“तिथे कोणाची तरी गाडी आहे.”

“कोणाची?” कोच ओरडले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

“कागद लावलाय काचेला,” मी म्हटलं. “फोन करून बघा.”

कोच तणतणत बाहेर गेले. सगळे कान देऊन बसले होते. हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज.

टोपली घरघरायला लागली.

वरच्याच थरात होता फोन, उजळला होता, थरथरत गोल फिरत होता. सगळ्यांनी टोपलीकडे पाहिलं, मग दादाकडे. शेवटच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, “अध्यक्षांचा आहे.” फोन वाजायचा थांबेना. आयुष्यात पहिल्यांदा मला कोचचं कौतुक वाटलं, चिकाटीचा माणूस.

दादा टेबलामागून निघाला. कान तांबडे झाले होते. तो माझ्यापाशी आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “बास झालं. चल, तुला गाडीत बसवतो, पटकन होईल.” आणि वाकला. एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीशी. लहानपणापासून तो असाच वाकतो, त्यात त्याला विचार करावा लागत नाही. आणि माझाही हात त्याच्या मानेकडे जायला निघाला होता, तो मी मागे ओढला.

“उचलू नकोस, दादा,” मी म्हटलं. “सरक.”

तो तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला, खिशातून चावी काढली आणि बाहेर गेला.

त्याच्यामागे सगळी मीटिंग बाहेर आली. दादानं स्वतःच्या हातानं प्लग काढला आणि गाडी काढून कचऱ्याच्या डब्यांपाशी लावली. मी माझ्या गाडीत चढले, खुर्ची सुटी करून आत घेतली, रुंद जागेत गाडी लावली, पुन्हा दार उघडलं, पुन्हा सांगाडा, चाकं, गादी, फळी. वीस-पंचवीस माणसं बघत उभी होती. कोणी मदतीला आलं नाही, ते एक बरं झालं. इतकी वर्षं ‘आलोच’ म्हणणाऱ्यांपैकी एकानंही मला उतरताना कधी पाहिलं नव्हतं. वहिनी तोंडावर हात ठेवून उभी होती. मी प्लग लावला, हिरवा दिवा लागला, आणि कोच त्यांच्या पोरांकडे निघून गेले.

परत हॉलमध्ये बसल्यावर दादानं कोणाकडेही न बघता सांगितलं, “विषय मागे घेतला आहे.” माझं पाठ केलेलं बोलणं तसंच राहिलं.

तेव्हापासून दादा माझ्याशी बोलत नाही. मी भर सभेत त्याचं नाक कापलं, असं त्याचं म्हणणं. वहिनी परवा येऊन म्हणाली, “वन्सं, घरातलं घरात बोलायला हवं होतं.” घरात बोलले होते, म्हटलं, त्यानं चहा पिऊन कप खाली ठेवला. ती जाताना दारात थांबून फाटकाकडे बघत होती.

वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? कामावरून येताना तो माझ्या दारावर टकटक करून वर जायचा, उघडायची वाटही बघायचा नाही, नुसती टकटक. ती बंद झाली. त्या वेळेला मी अजून दाराकडे बघते, आणि त्याचाही मला राग येतो.

बाकी इमारतीत आता मला कोणी ताई म्हणत नाही. शिक्षिकाबाई मान वळवून जातात. कोचच्या आईचा गुडघा बरा झाला असावा.

रुंद जागा मोकळी असते. संध्याकाळी मी येते, दार पूर्ण उघडते, उतरते आणि प्लग लावते. सकाळी गाडी भरलेली असते आणि मी कामाला जाते.